कागदच राखतो दप्तरखान्याची हवा

एक टन कागद हाताला कोरडा लागतो, पण त्याच्या तंतूंमध्ये ६० ते ७० लिटर पाणी मुरलेले असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असतानाचा हा आकडा आहे. तेवढ्याच दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये बाष्प असते जेमतेम दहा-अकरा ग्रॅम. म्हणजे फायलींनी भरलेल्या एखाद्या बंद खोलीतला जवळजवळ सगळा ओलावा कागदात असतो. बाहेरची थोडी दमट हवा आत शिरली, तर कागद तिच्यातले बाष्प शोषून घेतो. कोरडी हवा आली, तर तो स्वतःजवळचे थोडे बाष्प सोडतो. खोलीतली हवा कशी राहावी हे अशा ठिकाणी कागदच ठरवतो. अट एकच: हवा भसाभस आतबाहेर करता कामा नये.

सरकारी अभिलेख कमी विजेत आणि शतकानुशतके सांभाळणाऱ्या आधुनिक दप्तरखान्यांची सगळी किमया या एका गुणधर्मावर उभी आहे. ती नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण जगभरची सरकारे आज एकाच अडचणीत आहेत. कागद वाढतच आहेत, त्यांतले पुष्कळसे कायद्याने कायम ठेवावे लागतात, आणि ते ठेवण्यासाठी अहोरात्र वातानुकूलन चालवले तर विजेचे बिल आणि कार्बन दोन्ही परवडत नाहीत.

आधी कागद का मरतो ते पाहू. कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्या. आम्ल, ओलावा आणि उष्णता एकत्र आली की या साखळ्या तुटत जातात. साखळी आखूड झाली की कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर मोडतो. जुना हातकागद चिंध्यांपासून किंवा तागासारख्या लांब तंतूंपासून होत असे, म्हणून तो टिकला. जुन्नरचा आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद याच जातीचा. १८०७ मध्ये मोरित्झ इलिग या जर्मन माणसाने कागदाला तुरटी आणि राळेची खळ देण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १८४४ च्या सुमारास फ्रीडरिश केलरने लाकूड दळून लगदा करण्याचे तंत्र काढले. त्यामुळे कागद स्वस्त झाला, सरकारे भरभरून लिहू लागली, पण त्या कागदाच्या पोटातच आम्ल आले. म्हणून अठराव्या शतकातले पत्र आज शाबूत दिसते आणि १९४० सालची नस्ती मात्र हात लावताच तुकडे होते. नव्वदच्या दशकातली साधी झेरॉक्सही पुष्कळदा तिच्यापेक्षा बऱ्या स्थितीत असते, कारण मधल्या काळात कागद कारखान्यांनी आम्लाऐवजी चुनखडीचा वापर वाढवला.

या क्षयाचा वेग तापमानावर ठरतो. ढोबळ हिशेब असा की, तापमान पाच अंशांनी उतरले तर कागदाचे आयुष्य साधारण दुप्पट होते. २५ अंशांवर शंभर वर्षे तग धरणारा कागद १० अंशांवर आठशे वर्षांच्या आसपास जाईल. बुरशीचा प्रश्न वेगळा. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की ती धरते. कसर आणि वाळवी यांना ऊब आणि ओल दोन्ही लागते. तेव्हा दप्तरखान्याची गरज थोडक्यात अशी: जमेल तेवढा गारवा, मध्यम कोरडेपणा, अंधार, आणि अचानक चढउतार नकोत.

गेल्या शतकात ही गरज यंत्रांनी भागवण्याचा प्रघात पडला. ब्रिटनचे बीएस ५४५४ हे मानक कागदासाठी १६ ते १९ अंशांची अरुंद चौकट सांगत असे. ती पाळायची तर वर्षभर, रात्रंदिवस हवा थंड करा, सुकवा, पुन्हा गरम करा, गाळा, फिरवा असा कारखानाच चालवावा लागतो. यंत्र बिघडले, वीज गेली किंवा अंदाजपत्रकात कपात झाली की आतली हवा बाहेरच्या हवेसारखी होते. माझ्या मते या पद्धतीचा हाच सर्वांत मोठा दोष आहे. तिचा खर्च एक वेळ सोसता येईल, पण तीनशे वर्षे टिकवायच्या वस्तूचा भरवसा पंधरा-वीस वर्षे चालणाऱ्या यंत्रावर ठेवणे कसे पटावे?

या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर जर्मनीतल्या कोलोन शहराने दिले. तिथल्या नगर अभिलेखागारात दहाव्या शतकापासूनचे दस्तऐवज होते. १९७१ मध्ये त्यांच्यासाठी जी नवी इमारत उभी राहिली, तिच्यात वातानुकूलन यंत्रणा जवळजवळ नव्हतीच. विटांच्या जाड भिंती, आतून बाष्प शोषणारा गिलावा, फटींसारख्या अरुंद खिडक्या आणि गरजेपुरती नैसर्गिक हवा यांवर काम भागवले होते. जाड भिंत दिवसाची उष्णता आत पोहोचू देत नाही, गिलावा आणि कागद मिळून ओलावा सावरतात. हिवाळ्यात थोडी ऊब द्यावी लागे, तेवढीच. अभिलेखागाराचे तेव्हाचे प्रमुख हुगो श्टेहकेंपर यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि पुढे ती ‘कोलोन प्रारूप’ म्हणून ओळखली गेली. जर्मनीत तिचे अनुकरण झाले, इंग्लंडमध्ये इप्सविचच्या सफोक अभिलेख कार्यालयानेही तोच मार्ग धरला.

ही इमारत ३ मार्च २००९ रोजी कोसळली. शेजारी भुयारी रेल्वेचे खोदकाम चालू होते, खड्ड्यात माती आणि पाणी घुसले आणि काही मिनिटांत सारे खाली गेले. कर्मचारी आणि वाचक वेळेवर बाहेर पडले, पण लगतच्या घरात राहणारे दोन तरुण मृत्यू पावले. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या फळ्यांवरचे कागद ढिगाऱ्यात आणि भूजलात गेले. त्यांतला ९० टक्क्यांहून अधिक भाग बाहेर काढला गेला. भिजलेले गठ्ठे आधी गोठवले, मग निर्वात कक्षात सुकवले. दुरुस्तीचे काम अजून कित्येक दशके चालेल. २०२१ मध्ये शहराने नवी इमारत उघडली. दुर्घटनेचा दोष जमिनीखालच्या बांधकामाचा होता, हवा राखण्याच्या तंत्राचा नव्हता. तरी दप्तरखाना कुठे बांधायचा हा प्रश्न तो कसा बांधायचा या प्रश्नाच्या आधी येतो, हे कोलोनने फार मोठी किंमत मोजून दाखवले.

कोलोनच्या कल्पनेला नेमक्या गणिताची जोड डेन्मार्कमध्ये मिळाली. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात काम करणारे टिम पॅडफिल्ड, पौल क्लेन्झ लार्सन, मोर्टेन र्‍यूल-स्वेन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे गोदामांतली उष्णता आणि आर्द्रता मोजली. पॅडफिल्ड यांचा १९९८ चा प्रबंधच भिंतीचे साहित्य ओलावा कसा शोषते आणि सोडते यावर होता. त्यांच्या कामातून जो नमुना तयार झाला तो असा: छप्पर आणि भिंतींना भरपूर उष्णतारोधक थर द्यायचा, इमारत हवाबंद करायची, पण जमिनीला मात्र रोधक थर द्यायचा नाही. काही मीटर खाली जमिनीचे तापमान वर्षभर जवळपास सारखे असते आणि ते त्या गावच्या वार्षिक सरासरी तापमानाइतके असते. डेन्मार्कमध्ये ते ८ अंशांच्या आसपास आहे. उघड्या जमिनीतून हा थंडावा इमारतीत येत राहतो. आतले तापमान हिवाळ्याच्या अखेरीस ८ अंशांपर्यंत उतरते आणि उन्हाळा संपता संपता १५-१६ पर्यंत चढते. हा चढउतार महिनोन्महिने हळूहळू होतो, त्याचा कागदाला त्रास नाही. थंड खोलीत आर्द्रता वाढते, म्हणून एक लहानसे यंत्र अधूनमधून हवा सुकवते. विजेचा खरा खर्च तेवढाच. वर्षभरात एका घनमीटर जागेमागे तो थोड्याशा युनिटांत भागतो, पूर्ण वातानुकूलित गोदामाच्या तुलनेत अगदीच अल्प.

वाइले या डॅनिश गावात २००३ मध्ये या तत्त्वावर एक सामायिक गोदाम उभे राहिले. आसपासच्या अनेक संग्रहालयांनी आणि अभिलेखागारांनी आपापली गळकी तळघरे सोडून तिथे सामान हलवले. दहा वर्षांनी ते वाढवावे लागले. एकत्र येण्याचा फायदा भूमितीतच दडलेला आहे. इमारतीची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर आतली जागा आठपट होते, पण बाहेरचा पृष्ठभाग चौपटच वाढतो. ऊन, वारा, पाऊस पृष्ठभागातूनच आत येतात. त्यामुळे गोदाम जितके मोठे आणि भरलेले, तितकी प्रत्येक फायलीच्या वाट्याची झळ कमी. अर्धे रिकामे गोदाम मात्र फसवे असते. तिथे ओलावा सावरायला पुरेसा कागदच नसतो.

ब्रिटनने पुढचा टप्पा हवाबंदपणाचा गाठला. हेरेफर्डशर परगण्याचे अभिलेखागार २०१५ मध्ये ‘पासिवहाउस’ या जर्मन कमी-ऊर्जा मानकानुसार उघडले, त्या देशातले असे पहिलेच. या मानकाची कसोटी कडक आहे. पंख्याने इमारतीत ठरावीक दाब निर्माण करायचा आणि फटींतून हवा किती निसटते ते मोजायचे. तासाला एकूण हवेच्या ०.६ पटीहून अधिक हवा निसटता कामा नये. डक्सफर्डच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचे कागद-भांडार तर याच्याही कितीतरी पट घट्ट निघाले आणि जगातल्या सर्वांत हवाबंद इमारतींत त्याची गणना झाली. दोन्ही इमारती आर्किटाइप या वास्तुरचनाकारांच्या. याच सुमारास मानकेही सैल झाली. २०१२ पासून ब्रिटिश मार्गदर्शनाने ऋतूनुसार हळू बदलणारे तापमान मान्य केले. कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराने २०२२ मध्ये गातिनो येथे जे संरक्षण-भांडार उघडले, ते तर निव्वळ शून्य कार्बनचे उद्दिष्ट ठेवूनच आखले होते. शेजारीच १९९७ चे जुने संरक्षण केंद्र आहे, पाचशे वर्षे टिकावे म्हणून बांधलेले, इमारतीच्या आत इमारत अशा रचनेचे.

काही देशांनी बांधकामच टाळले. इंग्लंडच्या चेशर परगण्यात विन्सफर्डच्या मिठाच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे १५० मीटरवर, ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराचे दस्तऐवज आहेत. मीठ ओलावा ठरू देत नाही आणि खोलवर ऋतू पोहोचत नाहीत. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने मिसूरी आणि कॅन्ससमधल्या चुनखडीच्या जुन्या खाणींत अभिलेख केंद्रे थाटली. जर्मनीने फ्रायबुर्गजवळच्या ओबररीड गावी चांदीची जुनी खाण १९७० च्या दशकात राष्ट्रीय दस्तऐवजांच्या सूक्ष्मपटांसाठी राखून ठेवली. पोलादी पिंपांत बंद केलेल्या त्या फितींना हेग करारान्वये युद्धकाळातही विशेष संरक्षण आहे. एकत्रित भांडाराचा धोका असा की आपत्ती आली तर सगळ्यावरच येते. दूरच्या ठिकाणी प्रत ठेवणे हा त्यावरचा उपाय जर्मनीने फार आधी ओळखला होता.

आपत्तींमध्ये आग सगळ्यांत क्रूर. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुइसजवळच्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. इमारतीत पाण्याचे फवारे नव्हते, मजल्याला आडव्या अग्निभिंतीही नव्हत्या. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या सेवा-नस्त्या नष्ट झाल्या. १९१२ पासून १९६० पर्यंत भूदलातून सेवामुक्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या नोंदी गेल्या. निवृत्तिवेतन, औषधोपचार, दफनाचा मान, सगळ्यांसाठी त्या लागत. विझवण्याच्या पाण्यात भिजलेले गठ्ठे वाचवायला अंतराळयानांच्या चाचणीसाठी बांधलेला निर्वात कक्ष वापरावा लागला. त्यानंतर फवाऱ्यांविषयीचा जुना धाक कमी झाला. भिजलेला कागद सुकवता येतो, जळलेला परत येत नाही. ब्रिटिश लायब्ररीने बॉस्टन स्पा येथे २००९ मध्ये याहून पुढची युक्ती वापरली. तिथे २६२ किलोमीटर फळ्या आहेत, सुमारे ७० लाख वस्तू आहेत, ने-आण यंत्रमानव करतात, आणि नायट्रोजन सोडून हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १५ च्या खाली आणून ठेवलेला आहे. एवढ्या विरळ प्राणवायूत कागद पेट घेत नाही. नायट्रोजन सोडण्याचा खर्च इमारत किती घट्ट आहे यावर ठरतो, म्हणजे पुन्हा हवाबंदपणाच उपयोगी पडतो.

महाराष्ट्राला या विषयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मुंबईत १८२१ पासून सरकारी अभिलेख कार्यालय आहे. गोव्यात दियोगु दु कौतु या पोर्तुगीजाने १५९५ मध्ये अभिलेखागार उभे केले, आशियातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आणि कोट्यवधी मोडी कागद आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून ४५ खंड निवडून प्रसिद्ध केले, आणि तरीही बहुतेक साहित्य न वाचलेलेच राहिले. दुसऱ्या टोकाला २१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग आहे. पाच जणांचे प्राण गेले आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली भस्मसात झाल्या. चालू कामाच्या आणि कायम जपायच्या नस्त्या एकाच इमारतीत, लाकडी फर्निचर आणि वायरींच्या जाळ्यात राहतात तेव्हा किती काही पणाला लागते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी तहसील कार्यालयांपासून शाळा आणि तुरुंगांपर्यंतचे जुने कागद धुंडाळले गेले, निजामकालीन नोंदींसाठी हैदराबादपर्यंत जावे लागले. शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर आजच्या माणसाचा दाखला ठरतो. अशी ओळ जिथे ठेवली आहे त्या खोलीच्या छपरातून पाणी गळत असेल, तर ती नागरिकाच्या हक्कालाच लागलेली गळती आहे असे मी मानतो.

मग डेन्मार्कची रीत इथे चालेल का? जशीच्या तशी नाही. आपल्याकडे जमिनीखालचे तापमान २५ ते २८ अंश आहे. उघडी जमीन इथे गारवा देणार नाही, उलट पावसाळ्यात ओल देईल. पण खरा शत्रू कोण ते ओळखले तर वाट निघते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते. कागदाला आधी सुकी हवा हवी, गारवा त्यानंतर.

एक साधा हिशेब करून पाहू. चार किलोमीटर फळ्यांवर सुमारे २०० टन कागद असलेली, १,००० घनमीटरची एक खोली घ्या. सरकत्या रॅकांनी, म्हणजे कार्यालयीन भाषेत कॉम्पॅक्टरनी, एवढे सहज मावते. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, आत २५ अंश आणि ५० टक्के. बाहेरच्या घनमीटरभर हवेत २३ ग्रॅम बाष्प, आतल्या हवेत साडेअकरा. खोली इतकी घट्ट बांधली की दिवसातून एकदाच तिची सगळी हवा बदलते, तर रोज साडेअकरा किलो पाणी आत येईल. चार महिन्यांत झाले सुमारे १,४०० किलो. २०० टन कागदात ते मुरले तर त्याचा ओलावा अवघा ०.७ टक्क्यांनी वाढेल आणि खोलीची आर्द्रता ५० वरून साधारण ५७ वर जाईल. बुरशी धरते त्या पातळीच्या खालीच. म्हणजे अख्खा पावसाळा वीज नसली तरी कागद स्वतःला सांभाळू शकतो. भिंती, छप्पर आणि जमीन यांतून ओल झिरपत नाही, हे मात्र गृहीत धरले आहे.

हीच खोली नेहमीच्या कार्यालयासारखी असेल, खिडक्यांना फटी आणि दाराखाली बोटभर जागा, तर तासाला एकदा हवा बदलते. मग पाणी चोवीसपट येते आणि पंधरवड्याच्या आतच बुरशीची हद्द ओलांडली जाते. दोन्ही खोल्यांतला फरक आहे रबरी पट्ट्या, दुहेरी दार आणि गवंडीकामातल्या काळजीचा. घट्ट खोलीत आलेले साडेअकरा किलो पाणी बाष्पशोषक यंत्राने रोज काढायचे ठरवले, तरी सात-आठ युनिटे वीज पुरते. पावसाळ्यात सौर पट्ट्या कमी वीज देतात आणि नेमकी तेव्हाच यंत्राची गरज जास्त, ही अडचण खरी आहे. पण कागदाची साठवण इतकी मोठी आहे की यंत्र ऊन पडेल तेव्हाच चालवले तरी बिघडत नाही. एरवी सौर विजेसाठी जी बॅटरी लागते तिचे काम इथे कागदाचा गठ्ठाच करतो.

जागाही विचारपूर्वक निवडायला हवी. कायम जपायचे अभिलेख मुंबईच्या समुद्रकाठी का ठेवायचे? माण-खटाव, अहिल्यानगर, मराठवाड्याचा काही भाग, हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा आहे. तिथे पाऊस बेताचा, वर्षातले आठ महिने हवा कोरडी, हिवाळ्याच्या रात्री गार. रात्रीची थंड, कोरडी हवा हिवाळ्यात मुद्दाम आत घेऊन भिंती आणि फळ्या थंड करून ठेवता येतात. भांडार अशा उंच, पुरापासून दूरच्या जागी असावे. वाचकांसाठी खोली, स्कॅनिंग आणि रोजचे कारकुनी काम शेजारच्या वेगळ्या इमारतीत. माणसे बसली की दिवे, पंखे, उष्णता आणि उघडझाप आलीच, म्हणून भांडारात कुणी बसू नये. आणि गार खोलीतला गठ्ठा दमट हवेत एकदम उघडू नये, त्याच्यावर दव धरते. तो दिवसभर बंद खोक्यातच राहू द्यावा.

बांधकामाचे साहित्यही महत्त्वाचे आहे. सिमेंट आणि पोलादाचा कार्बन इमारत उघडण्याआधीच खर्च झालेला असतो. इंग्लंडच्या सायन्स म्युझियमने २०१२ च्या सुमारास रॉटन येथे चुना आणि भांगेच्या देठांचे तुकडे यांच्या मिश्रणाचे भांडार बांधले. ते उष्णता अडवते आणि ओलावाही सावरते. आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेचे धागे मिसळलेले आढळले, आणि कीड व ओल यांपासून तो गिलावा वाचण्यात त्यांचा वाटा असावा, असे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये मांडले. चुना, वीट, दगड, पांढरे छप्पर आणि त्यावर सौर पट्ट्यांची सावली एवढ्यावर आपल्याकडे पुष्कळ काम होऊ शकते. जमिनीखाली मात्र ओल रोखणारा थर पक्का हवा, आणि फरशी मजबूत. सरकत्या रॅकांचा भार चौरस मीटरला एक टनाच्या वर जातो. साध्या कार्यालयाची फरशी त्याच्या निम्म्याही भाराची नसते. आणि घट्ट खोलीत कागदातून निघणारी आम्लाची वाफ साचते, म्हणून आतलीच हवा कोळशाच्या गाळणीतून फिरवत राहावी लागते.

इमारतीच्या आधीचे काम निवडीचे. आपल्याकडे सहा गठ्ठा पद्धत आहे, अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे, २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. ‘ड’ वर्गाचे थोड्या काळापुरते कागद वेळच्या वेळी नष्ट झाले आणि ‘अ’ वर्गाचे, कायम ठेवायचे, खोक्यांत, क्रमांकासह बांधले गेले, तरच मध्यवर्ती भांडाराला अर्थ आहे. नाहीतर महागड्या हवेत रद्दी जपली जाईल. स्कॅनिंग हवेच, जुने सातबारा आणि फेरफार घरबसल्या मिळू लागले ही मोठी सोय आहे. पण न्यायालयात वाद उभा राहतो तेव्हा मूळ कागद पाहावा लागतो, आणि संगणकातली प्रत टिकवायलाही वीज लागतेच, ती तर एक दिवस थांबवता येत नाही.

ज्यांच्या जिल्ह्यात नवे जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय किंवा नगरपालिका भवन बांधले जात आहे, त्यांनी एक करावे. नकाशात अभिलेख कक्ष कुठे आहे ते विचारावे. तो तळघरात, नदीकाठी किंवा स्वच्छतागृहाखाली असेल तर हरकत नोंदवावी. वातानुकूलन यंत्रे किती बसवणार यापेक्षा भिंतीला रोधक थर किती जाडीचा आहे आणि हवागळतीची चाचणी होणार आहे का, हे निविदेत लिहून घ्यायला लावावे. ही चाचणी एका दिवसात होते आणि ती इमारत ताब्यात घेण्यापूर्वीच करायची असते.